माप घट्ट होईपर्यंत

दात काढणं हे आमच्या धंद्यातलं त्यातल्या त्यात सोपं काम. रिकाम्या झालेल्या जागी काय बसवायचं, यावर मात्र मी बोरीवलीतल्या एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकतीस वर्षं डोकं फोडून घेतलं आहे. पेशंटशी, त्याच्या मुलाशी, सुनेशी, आणि एकदा तर एका गृहस्थांच्या शेजाऱ्याशीसुद्धा. त्या शेजाऱ्यानं अंधेरीला कुठेतरी एका दिवसात सगळे दात बसवून घेतले होते आणि तो स्वतःचं तोंड उघडून मला नमुना दाखवायला आला होता. शिवाय "चणे आहेत तर दात नाहीत" हे ऐकवून स्वतःच खो खो हसणारे पेशंट आठवड्याला दोन तरी असायचेच. मी दरवेळी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी हसायचे. तेवढा अभिनय डॉक्टरला यावा लागतो.

दोन वर्षांपूर्वी दवाखाना बंद केला. यंदा दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला, "मॅडम, दातांच्या दवाखान्यातल्या गमतीजमती लिहा ना, वाचकांना हसू येईल असं काहीतरी." गमती आहेत, दोन सांगते. पण लिहायला बसल्यावर माझ्या हाताशी जे पहिलं आलं ते गमतीचं नव्हतं, आणि ते टाळून पुढे लिहिता येईना. तेव्हा संपादकबाईंची क्षमा मागून दोन्ही लिहिते आहे.

आधी धंदा थोडक्यात समजावते. गेलेल्या दातांच्या जागी नवे बसवायचे तर ठोकळमानानं तीन वाटा. पहिली कवळी. काढता येते, घालता येते, रात्री वाटीत ठेवता येते. दुसरी ब्रिज. म्हणजे मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात घासून बारीक करायचे, त्यांच्यावर टोप्या चढवायच्या आणि मधला खोटा दात त्या टोप्यांना जोडलेला ठेवायचा. यात शेजारच्या दोन धडधाकट दातांना विनाकारण शिक्षा होते, आणि ते मुळात धडधाकट असावे लागतात. तिसरी इम्प्लांट. जबड्याच्या हाडात धातूचा बारीक स्क्रू बसवायचा, तीन-चार महिने हाड त्याला घट्ट धरेपर्यंत थांबायचं आणि मग त्यावर दात चढवायचा. लोक याला "फिक्स" म्हणतात. "डॉक्टर, फिक्स करून टाका" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की काही विचारू नका.

वरची कवळी बरी असते, टाळूला चिकटून बसते. खालची ही सगळ्या दंतवैद्यांची डोकेदुखी. खाली टाळू नाही, नुसती हाडाची चिंचोळी कड, आणि मध्ये जीभ, जी दिवसभर कवळीला ढकलत असते. वय वाढतं तसं ती कडही झिजते. खालच्या कवळीचं गाऱ्हाणं घेऊन आलेल्या माणसाला "सवय होईल हो" असं मी शेकडो वेळा सांगितलं आहे. त्यातल्या निम्म्यांना तरी ती झाली नसावी.

आता गमती. आमच्या सोसायटीतल्या शाहबेनना वरची पूर्ण कवळी केली होती. कवळ्या मी स्वतः बनवत नसे. मी माप घ्यायचं, आणि मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात सावंत नावाचे कारागीर ती घडवायचे. सावंतांनी उभ्या आयुष्यात पेशंटचं तोंड पाहिलं नसेल, पण प्लास्टरच्या साच्यावरून ते सांगायचे, "हा माणूस रागीट आहे बघा मॅडम, झोपेत दात खातो." बहुतेक वेळा खरं निघायचं. तर सावंतांनी शाहबेनना एका रांगेत, मोत्यासारखे दात लावून दिले. शाहबेननी आरसा पाहिला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, हे कोणत्या दुसऱ्या बाईचा तोंड आहे." पुढच्या दोन दातांमध्ये त्यांना जन्मापासून फट होती, ती त्यांना परत हवी होती. सावंत फोनवर वैतागले. "मॅडम, चांगलं काम बिघडवायला सांगताय तुम्ही." पण फट पाडून दिली त्यांनी. शाहबेन आरशात बघत बराच वेळ बसल्या आणि मग पदरानं डोळे पुसले. त्या कामाचा मला आजही अभिमान आहे.

दुसरे कुलकर्णी, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्या दोन्ही मुलींनी धरून आणून त्यांना वरची-खालची कवळी करायला लावली होती. वर्षभरानं तपासायला आले, तर कवळी अगदी नवीकोरी. एक ओरखडा नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मुली यायच्या असल्या की घालतो. एरवी मिसळ खायची तर काढूनच खावी लागते, चव लागत नाही." मी चिडले होते तेव्हा. एवढी मेहनत घेऊन केलेली वस्तू हा माणूस कपाटात ठेवतो म्हणजे काय! ती त्यांना नकोच होती, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

कारण आमच्याकडे कवळीच्या खुर्चीत बसणारा माणूस क्वचितच एकटा येतो. मुलगा येतो, सून येते, जावई येतो. बरोबर आलेला माणूस खुर्चीशेजारी उभा राहतो आणि बोलणं त्याच्याशी होतं. त्याला मोबाइलवर वाचून सगळं माहीत असतं, खर्च त्यानं करायचा असतो, आणि मुख्य म्हणजे त्याचं तोंड मोकळं असतं. खुर्चीतल्या माणसाच्या तोंडात कधी कापूस, कधी आरसा, कधी माझी बोटं. एकतीस वर्षांत त्या माणसाच्या डोक्यावरून मी किती निर्णय घेतले असतील, याचा हिशोब नाही.

माझी एक सवय होती. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. जबड्याचं माप घेताना एका ट्रेमध्ये गुलाबी लगदा भरून तो तोंडात दाबून धरायचा असतो. माझी मदतनीस शकुंतला तो रबराच्या वाटीत घोटून द्यायची. तो घट्ट व्हायला तीन मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात पेशंटनं हलायचं नाही, बोलायचं तर नाहीच. हलला की माप बिघडतं, आणि बिघडलेल्या मापाची कवळी आयुष्यभर टोचते. या तीन मिनिटांत मी पेशंटच्या तब्येतीचा फॉर्म भरून घ्यायचे. एका हातानं ट्रे धरलेला, दुसऱ्या हातात पेन, फॉर्म मांडीवर. बीपी आहे का, शुगर आहे का, हार्टचा त्रास, कसली अॅलर्जी. उत्तरं बरोबर आलेला माणूस द्यायचा. खरं तर हा फॉर्म पहिल्याच दिवशी, पेशंटनं स्वतः, शांतपणे भरायचा असतो. पण बाहेर बाकावर चार-पाच माणसं बसलेली असायची आणि मला त्या तीन मिनिटांचा सदुपयोग केल्याचं फार कौतुक होतं. कॉलेजातून नव्यानं शिकायला येणाऱ्या मुलींना मी ही युक्ती म्हणून शिकवलीसुद्धा.

गावडेमावशी आल्या त्या दवाखाना बंद होण्याच्या पाच-सहा वर्षं आधी. दहिसरला राहायच्या. नवरा गिरणीत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला त्यात नवव्या मजल्यावर मुलाचं घर. मुलगा महेश, एका कुरिअर कंपनीच्या गोदामावर सुपरवायझर. वर्षातले चार महिने मावशी कणकवलीला मुलीकडे असायच्या, बाकी इथे. वरची कवळी जुनी आणि छान बसलेली. खाली पुढचे पाच दात शिल्लक, ते हलायला लागलेले, आणि त्यांना तारांनी अडकवलेली एक छोटी कवळी. ती ढिली झाली होती, जेवताना उचलली जायची.

खुर्चीत बसल्या बसल्या मावशींनी ती काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "बाय, माका नवीन कायएक नको. हीच जरा घट्ट करून दी. सुको बांगडो खावक गावलो म्हणजे झाला."

महेश हसला. "आई, तू जरा शांत बस ना. डॉक्टर, असलं तात्पुरतं काही नको. आयुष्यभर हिनं आमच्यासाठी खस्ता खाल्ल्यात, आता तिला बेस्टमधलं बेस्ट करायचं. इम्प्लांट. मी सगळं वाचलंय."

मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तो माजा आयकणा नाय."

त्या तक्रार करत नव्हत्या. त्यात कौतुकच होतं, मुलगा आपल्यासाठी एवढा हट्ट धरतो याचं. महेश मला आवडला, हे खरं सांगायला हवं. आईला "बसवा कसलेही" म्हणून सोडून जाणारे मुलगे मी पुष्कळ पाहिले होते. शिवाय इम्प्लांटचं काम मी पन्नाशी ओलांडल्यावर पुन्हा विद्यार्थी होऊन शिकले होते. माझ्याहून वीस वर्षांनी लहान मुलांच्या वर्गात बसून. ते काम मला करायचं होतं. मिळकत त्यात जास्त हेही आहेच, पण मला मिरवायचंही होतं. मी महेशला तिन्ही वाटा समजावल्या. ब्रिज शक्य नव्हता, आधाराला धड दात नव्हते. नुसती पूर्ण कवळी खाली टिकली नसती. हलणारे पाच दात काढायचे, चार इम्प्लांट बसवायचे, त्यावर नवी कवळी बटणासारखी अडकवायची. पुस्तकाप्रमाणे यात काही चूक नव्हतं. फक्त चौथी वाट मी बोललेच नाही. आहे ते राहू द्यायचं, जुनी कवळी आतून भरून घट्ट करून द्यायची. खुर्चीतल्या बाईनं तेवढंच मागितलं होतं, आणि ते अर्ध्या दिवसाचं काम होतं.

माप त्याच दिवशी घेतलं. शकुंतलानं लगदा घोटला, मी ट्रे तोंडात बसवला आणि फॉर्म मांडीवर घेतला. बीपी? "आहे. गोळी चालू आहे." शुगर? "थोडी. गोळी आहे." महेशनं पिशवीतून आईचा गोळ्यांचा डबा काढून दाखवला. शहाणा मुलगा, सगळं बरोबर आणलं होतं. मी रकाने भरत गेले. हार्ट, दमा, फिट येणं. "नाही, नाही, नाही." मग एक ओळ होती, हाडं ठिसूळ झाल्याबद्दल काही औषध, इंजेक्शन? महेश म्हणाला, "नाही. तसलं काही नाही."

तेव्हा मावशींनी हात वर केला.

मला तो दिसला. माझ्या दंडाला लागला म्हणून दिसला. मी फॉर्मवरची नजर न काढता म्हणाले, "मावशी, हलू नका. माप बिघडेल. हात खाली." आणि त्या ओळीसमोर "नाही"वर खूण केली.

तीन मिनिटांनी ट्रे काढला तेव्हा त्यांना उबळ आली, डोळ्यांतून पाणी. शकुंतलानं बेसिनपाशी नेऊन चुळा भरायला लावल्या, पाठीवरून हात फिरवला. महेशनं फॉर्मवर सही केली. बाहेर पुढचा पेशंट उठून दारात आला होता. मावशी काय सांगत होत्या हे मी विचारलं नाही. खरं तर मी विसरले, ट्रे बाहेर येईपर्यंतच विसरले होते.

पंधरा दिवसांनी दात काढले, स्क्रू बसवले. काम सुंदर झालं होतं, एक्स-रे मी दोन मैत्रिणींना दाखवला. आठवड्यानं टाके काढायला आल्या तेव्हा एका बाजूची जखम मिटली नव्हती. म्हटलं शुगर असेल. महिन्यानं हिरडी मागे सरली आणि खाली हाड दिसू लागलं, पिवळट, कोरडं. मी साफ करत राहिले, गोळ्या बदलत राहिले, महेशला शुगर सांभाळ म्हणून दोनदा बोलले. तो बिचारा घरात गोड आणणं बंद करून बसला. तोंडाला वास येऊ लागला. दवाखान्यात आल्या की मावशी पदर तोंडावर धरून बसायच्या, शेजारच्या माणसाला त्रास नको म्हणून. जेवण पेजेवर आलं होतं. अडीच महिने मी हे चालू दिलं. कोणाला दाखवायला पाठवलं असतं तर माझं काम चुकलं असं झालं असतं.

शेवटी एका मोठ्या हॉस्पिटलातल्या जबड्याच्या सर्जनकडे घेऊन गेले. तपासणीच्या खोलीत मीही होते. त्यांनी काय केलं? मावशींसमोर खुर्ची ओढून बसले, महेशला बाहेर थांबवलं आणि त्यांनाच विचारलं, "आजी, हाडांसाठी कधी सुई, सलाईन असं काही लावलंय का?"

"होय तर," मावशी म्हणाल्या. "कणकवलीक. हात मोडलेलो तेव्हा. वर्साक एक. दोनदा लावला."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हाडं ठिसूळ झाली की वर्षातून एकदा देतात ती सलाईन चांगलीच असते. लाखो लोक घेतात, कंबरडं मोडण्यापासून वाचतात. पण ते औषध हाडात वर्षानुवर्षं मुरून राहतं, आणि अशा माणसाचा दात काढला, जबड्यात छिद्र पाडलं, तर क्वचित कोणाची तरी जखम भरतच नाही, तेवढ्या जागेचं हाड मरतं. म्हणून तर ती ओळ फॉर्मवर असते. माहीत असतं तर मी त्या पाच दातांना हातही लावला नसता. जुनी कवळी घट्ट करून दिली असती. महेशला माहीत नव्हतं, कारण बहिणीनं फोनवर "आईला सलाईन लावलं" एवढंच सांगितलं होतं, आणि सलाईन तर अशक्तपणालाही लावतात. गोळ्यांच्या डब्यात वर्षातून एकदाची सलाईन कुठून असणार?

स्क्रू काढावे लागले, त्यांच्याबरोबर एका बाजूच्या जबड्याचा तुकडाही. हनुवटी त्या बाजूला आत गेली, खालचा ओठ बधिर झाला. पाणी पिताना कडेनं गळायचं आणि त्यांना ते कळायचं नाही. बोलणं घोगरं, अर्धं समजणारं झालं. भात कुस्करून, मिक्सरमधून काढून, तोही कोमट.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये महेशनं मला विचारलं, "फॉर्मवर 'नाही' मीच सांगितलं ना, डॉक्टर?"

मी म्हणाले, "तुला माहीत नव्हतं. त्यात तुझा दोष नाही."

वाचकहो, या वाक्यात खोटं काहीच नाही, आणि तरी आयुष्यात मी याहून नीच वाक्य बोलले नसेन. त्या क्षणी मला तो वर आलेला हात लख्ख आठवला होता. तो आठवत असताना मी त्या मुलाला माफ केलं, जणू माफ करण्याचा अधिकार माझा होता. नंतर एका डॉक्टर मित्राला फॉर्म दाखवला. तो म्हणाला, "नातेवाइकाची सही आहे, स्पष्ट 'नो' आहे. तू सेफ आहेस यार, काळजी सोड." मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज अजून गेलेली नाही.

मावशी एकदाच पुन्हा दवाखान्यात आल्या, वरची कवळी टोचत होती म्हणून. मी घासून दिली. उठताना माझ्या गालाला हात लावून काहीतरी म्हणाल्या. मला कळलं नाही, तेव्हा त्या पुन्हा सावकाश म्हणाल्या, "तुजो काय दोष नाय गे." मी "हो मावशी, जपा" असं काहीतरी म्हटलं आणि त्या गेल्यावर आतल्या खोलीत जाऊन रडले. शकुंतलाला वाटलं मला मावशींची दया आली.

पावणेदोन वर्षांनी त्या गेल्या. मृत्यूच्या दाखल्यावर हृदयाचं काहीतरी लिहिलं होतं. शेवटी शेवटी वजन बत्तीस किलो होतं असं महेशकडून कळलं. न जेवता माणूस किती दिवस काढणार? माझ्या दवाखान्यात आल्या तेव्हा त्या धडधाकट होत्या, भाजीची पिशवी घेऊन दोन जिने चढायच्या.

सर्जनकडच्या त्या दिवसापासून फॉर्म मी पेशंटच्या हातात, तोंड मोकळं असताना दिला. वाचता येत नसेल त्याला वाचून दाखवला. नव्या मुलींना जुनी युक्ती शिकवणं बंद केलं. पण का बंद केलं हे त्यांना सांगितलं नाही. दवाखाना आवरताना जुने कागद फाडायला काढले तेव्हा तो फॉर्म हाती आला. खूण माझ्या अक्षरातली, सही महेशची. तो फाडता येईना आणि ठेवताही येईना. तो घेऊन मी एका रविवारी सकाळी दहिसरला गेले.

महेशच्या दाढीत पांढरे आले होते. त्याची बायको चहा टाकायला आत गेली. मी बोलून टाकलं. "महेश, त्या दिवशी तू 'नाही' म्हणालास तेव्हा आईनं हात वर केला होता. त्या सांगायला बघत होत्या. मी त्यांना हात खाली ठेवायला सांगितलं आणि नंतर विचारलंसुद्धा नाही. मला हे पहिल्यापासून माहीत होतं. तुला हॉस्पिटलात तेव्हाच सांगायला हवं होतं."

तो ओरडेल, घराबाहेर काढेल, अशी मी तयारी करून गेले होते.

"माहितीये," तो म्हणाला. "ऑपरेशननंतर आईनं सांगितलं. मी तिच्यावर ओरडलो होतो, की नंतर तरी का नाही बोललीस? तर म्हणाली, बाईच्या मशीनीत सगळा दिसत असतला म्हणान मी गप रवलंय. तिला वाटलं एक्स-रेत कळलं असेल तुम्हाला."

मी म्हणाले, "मग तू इतकी वर्षं काही बोलला का नाहीस? माझ्यावर केस करायची होतीस. निदान येऊन शिव्या तरी द्यायच्या."

महेश माझ्याकडे विचित्र नजरेनं बघायला लागला. "डॉक्टर, तुम्ही 'हात खाली' म्हणालात. खाली केला कोणी?"

मला आठवेना. मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. खुर्ची, ट्रे, फॉर्म, माझं पेन.

"मी," तो म्हणाला. त्यानं स्वतःचं डावं मनगट उजव्या हातानं पकडलं आणि मांडीवर दाबलं. "असा धरला. ती दोनदा सोडवायला बघत होती. मला वाटलं घाबरलीय, म्हणून अजून घट्ट धरला. वर तिला म्हणालो, झालं हां आई, झालंच." त्यानं मनगट सोडलं नव्हतं. "मला वाटायचं, तुम्ही ते पाहिलंय. आणि मला वाईट वाटू नये म्हणून गप्प आहात. हॉस्पिटलात म्हणालात ना, तुझा दोष नाही. म्हणून मी कधी आलो नाही तुमच्याकडे. कुठल्या तोंडानं येणार होतो?"

आतून कप मांडल्याचा आवाज आला. एवढी वर्षं हा मुलगा माझे उपकार मानत होता.

मी त्याला खरं ते सांगितलं. म्हटलं, "तुझा हात मला दिसलाच नव्हता, महेश. मी फॉर्म बघत होते."